शंभर आवाजांचा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीने आजपासून संप पुकारला आहे, याची नोंद घ्यावी. गेली तीस वर्षं या बोटाने इतरांच्या चुका दाखवण्यापलीकडे अंगमेहनतीचं काम केलेलं नाही. संस्कृतात तिचं नावच मुळी धाक दाखवणारी असं आहे. एवढ्या प्रतिष्ठित बोटाला गेल्या सोमवारपासून रोज अर्धा तास पोलादी तारेवर दाबून धरलं जात आहे. टोकाला खाच पडली आहे. आज नगरपालिकेच्या सभेची बातमी मधल्या बोटाने टंकावी लागली. ते बोटही याच कामाला जुंपलेलं असल्याने बातमी आखूड झाली. उपसंपादक म्हणाला, "वा, आज किती नेमकं लिहिलंत." चोवीस वर्षांतलं त्याचं पहिलं कौतुक, तेही बोट दुखत होतं म्हणून.

साठीला अजून सहा वर्षं आहेत; बुद्धीने थोडं लवकर प्रस्थान ठेवलेलं दिसतं. गिटार माझी नाही, लेकीची. घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी उभी राहायची नाही म्हणून. आता बावीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात पूल तपासते. हातोडीने काँक्रीट ठोकून आतून कुठे पोकळ आहे ते कानाने ओळखते म्हणे. हे मला तिच्या आईकडून कळलं. भिंगरीने स्वतः कधी सांगितलं नाही. विषय निघाला नसेल.

चौदा मार्चला ती नऊ दिवसांसाठी येते आहे. "विश्रांतीला येतेय," ही म्हणाली. या वयात कसली विश्रांती असं मी विचारलं, तर म्हणाली, "तिच्या खोलीतली तुमची रद्दी आधी काढा." रद्दी काढता काढता कपाटावरून गिटार निघाली. मी ती पुसली, खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे नेली. ते तरुणपणी वाद्यवृंदात वाजवायचे. तारा बदलल्या आणि शिकवाल का, असं विचारून बसलो.

गिटार विजेवर चालणारी आहे. ॲम्प्लिफायर नाही. त्याच्याशिवाय तिचा आवाज काडेपेटीत कोंडलेल्या डासासारखा येतो. ॲम्प्लिफायर घ्यायला हवा. माझ्यासाठी.

५ फेब्रुवारी, बुधवार

'माझ्यासाठी' हे खोटं आहे. निदान वहीत तरी खोटं लिहू नये.

गिटारीच्या पिशवीला पुढे एक खिसा आहे. जुन्या तारा असतील म्हणून काल उघडला. आत घडी घातलेलं कात्रण निघालं. माझंच. रविवारच्या पुरवणीतला माझा 'अवांतर' हा स्तंभ, सहा वर्षांपूर्वीचा. भिंगरी तेव्हा सोळाची. जुनी गिटार तिने स्वतः मिळवली होती, मैत्रिणीकडून एक छोटा ॲम्प्लिफायर उसना आणला होता. मला त्या आठवड्यात विषय सुचत नव्हता. मी लिहिलं, 'आमच्या कन्येला चार सूर येतात. गेले तीन महिने ती तेच वाजवते आहे. पाचवा येईल या धास्तीने शेजाऱ्यांनी घर विकायला काढलं आहे.' तिला मी 'विद्युत्-वीणा' असं नाव दिलं होतं.

तो माझा सर्वांत गाजलेला स्तंभ. पत्रांचा ढीग आला. सभासमारंभांत लोक मला त्यातली वाक्यं म्हणून दाखवत. भिंगरीच्या वर्गात पुढचं वर्षभर तिला विद्युत्-वीणाच म्हणत होते, हे मला फार नंतर कळलं. शाळेच्या संमेलनात ती वाजवणार होती. तिने नाव मागे घेतलं. परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा खरंच होती, तीन महिन्यांनी. ॲम्प्लिफायर मैत्रिणीला परत गेला.

कात्रणावर तिने पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या आहेत. चार खोडून सहा. तीन महिने खोडून पाच आठवडे. शेजाऱ्यांच्या वाक्यासमोर समासात लिहिलं आहे, 'काकू स्वतः ऐकायला येऊन बसायच्या.' बाकी काही नाही. राग नाही, उद्गारचिन्ह नाही. मुद्रितशोधन उत्तम आहे.

बातमीत माझी चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा, हा माझा नेम. सभागृहात सत्तावीस हजर असताना मी सव्वीस लिहिलं, त्याचाही खुलासा छापलेला आहे. या मजकुराचा छापला नाही. कुणी मागितला नव्हता.

कात्रण होतं तसं ठेवून दिलं. हिला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

शिकवणी. दंतवैद्यांच्या दवाखान्यात रविवारी रुग्ण नसतात, म्हणून मी त्या खुर्चीवर बसतो आणि ते स्टुलावर. वर दिवा असतो. तोंड आपोआप उघडतं.

"डॉक्टर, ही वाजतच नाही हो."

"वाजतेय. ऐकू येत नाहीये. माझ्याकडे येणारे असतात बरोबर उलटे. वाजत काही नसतं, ऐकू मात्र गल्लीभर येतं."

मग त्यांनी ॲम्प्लिफायरचं प्रकरण समजावलं. पूर्वी जसा आवाज हवा तसा वेगळा ॲम्प घ्यावा लागे. स्वच्छ, काचेसारखा हवा तर एक. थोडा घसा बसल्यासारखा हवा तर दुसरा. भिंत हलवायची असेल तर दोन माणसांनी उचलायचा तिसरा. आता मॉडेलिंग ॲम्प म्हणून निघाले आहेत. एकाच डब्यात त्या सगळ्यांच्या नकला भरलेल्या असतात. बटण फिरवलं की हा, आणखी फिरवलं की तो.

"म्हणजे बहुरूपी," मी म्हणालो.

"हो. नवशिक्याला बराच. आपल्याला काय आवडतं हेच ज्याला माहीत नाही, त्याने एक महागडा आवाज घेऊन कशाला अडकायचं? पण शंभर आवाजांच्या मागे लागू नका. पहिला आठवडा माणूस नुसती बटणं फिरवतो, दुसऱ्या आठवड्यात माहितीपुस्तक वाचतो, तिसऱ्यात डब्यावर कपडे वाळत घालतो. चार-पाच आवाज चांगले असले की झालं. आणि घरात वाजवायचंय, तेव्हा अगदी हळू ठेवून कसा वाजतो ते बघा. दुकानात सगळेच मोठ्याने छान वाजतात." तारा पुसता पुसता त्यांनी विचारलं, "घेताय कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"रोज दोनदा दात घासतो म्हणणारी माणसं मी दिवसाला वीस बघतो, पत्रकारसाहेब."

मी बोट दुखतंय म्हणून वर आलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी घरी आलो तर ही फोनवर. "दुखतं का गं अजून? कोमट पाण्यात धर ना दहा मिनिटं." मला पाहिलं आणि म्हणाली, "हे बघ, बाबा आलेत. घे, बोल."

भिंगरी म्हणाली, "कसे आहात बाबा? इकडे वारा फार सुटलाय." मग चार मिनिटं वाऱ्यावर बोललो. तिला हवामानात पहिल्यापासून रस. पुलांचं काम, असणारच. मी विचारलं, "दाढ दुखतेय का?" ती जरा थांबली. म्हणाली, "हो, थोडी." कोमट पाणी तोंडात धरून ठेवणं हा चांगलाच उपाय आहे, पण दंतवैद्यांना विचारून ठेवतो असं सांगितलं. "बरं बाबा, तुम्ही काळजी नका करू."

पूर्वी मला ती तू म्हणायची. 'ए बाबा, तू गप रे.' मोठी झाल्यावर आपोआप तुम्ही म्हणू लागली. संस्कार लागतात कधीतरी. हिला मात्र अजून अगं-तुगंच. डिसेंबरात ही आठवडाभर तिच्याकडे राहून आली, नवं घर लावून द्यायला. परत आली तेव्हा चांगलीच वाळली होती. घर लावणं कष्टाचं काम आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दंतवैद्यांसोबत वाद्यांच्या दुकानात. लांबट खोली, दोन्ही भिंतींवर गिटारी माना वर करून टांगलेल्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली एक मुलगी समोर आली.

"काय वाजवता काका?"

"तीन कॉर्ड."

"कोणत्या प्रकारचं?"

"चुकीच्या."

ती हसली नाही. तिच्याकडे असे रोज येत असावेत. तिने चार ॲम्प ओळीने मांडले आणि म्हणाली, सगळ्यांवर तेच वाजवा, म्हणजे फरक कळेल. स्थालीपुलाकन्याय: एका शितावरून भाताची परीक्षा. शीत माझं कच्चं, पण न्याय बरोबर.

पहिल्याला शंभर आवाज आणि विमानाला असावा तसा पडदा. एका खटक्यावर दगडी घुमटाखाली उभं राहून वाजवल्यासारखा परिणाम येतो. मी एक चूक केली, ती सात वेळा ऐकू आली. मग तीच चूक वरून खाली विरत गेली. दंतवैद्य म्हणाले, "तुमचा चेहरा का उतरला? चूक सगळ्यांचीच घुमते त्यात."

दुसरा आणि तिसरा लक्षात नाही. चौथा लहान, बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढा. पाच आवाज, थोडा घुमारा, थोडा प्रतिध्वनी, सूर जुळवायची सोय, हेडफोनची जागा. अगदी हळू ठेवला तरी तारेचा कण ऐकू येत होता. दंतवैद्यांनी मान डोलावली. माझं मन मात्र पहिल्यावर. भिंगरीला आता काय आवडतं मला माहीत नाही. शंभरांत एखादा तरी लागेल. न पाहता दगड मारणाऱ्याने ढिगाने दगड घ्यावेत, तसा हिशेब.

तेवढ्यात आतून मालक आले आणि त्यांनी मला ओळखलं. "अहो, तुम्ही तर अवांतरवाले." मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "पाचवा सूर येईल या धास्तीने शेजाऱ्यांनी घर विकायला काढलं आहे. काय वाक्य होतं हो. आम्ही कापून काउंटरला चिकटवलं होतं. कुणी पोर फार वेळ वाजवत बसलं की आम्ही बोट दाखवायचो. अजून वाजवते का ती?"

"वाजवते की," मी म्हणालो.

दंतवैद्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही काही न घेता निघालो. वाटेत ते एकच बोलले, "मोकळ्या खड्ड्यावर टोपण बसवलं तर वरून छान दिसतं. आत कुजत राहतं." दाताबद्दल बोलत असावेत.

त्या काउंटरसमोर किती मुलं उठून गेली असतील, हे मी मोजत बसलो आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शहर लहान नसलं तरी तोंडं जवळजवळ आहेत. संपादकांनी खोलीत बोलावलं.

"गिटार शिकताय म्हणे?"

"डाव्या हाताने शिकतोय. उजव्याला अजून कल्पना दिलेली नाही."

"हे बघा, हेच. हेच लिहा. गेले चार महिने तुमचा स्तंभ पेन्शनीत निघाल्यासारखा येतोय. विद्युत्-वीणा, भाग दुसरा. बाप शिकतो, लेक घर विकायला काढते. लोक तुटून पडतील."

विचार करतो म्हणालो. खरं तर बाहेर पडून जिना उतरेपर्यंत पहिली दोन वाक्यं तयार होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दोन तासांत लिहून झाला. दंतवैद्यांची खुर्ची, घुमणारी चूक, तर्जनी, सगळं आलं. भिंगरी फक्त शेवटी येते: घरी येऊन बापाचं वाजवणं ऐकते आणि पुलासारखं त्याला ठोकून म्हणते, 'आतून पोकळ आहे.' यात तिची टिंगल नाही. टिंगल माझी आहे. एक प्रकारे ही क्षमायाचनाच, आणि जाहीर.

वर्षभरात इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही. दुपारी पाठवून दिला. एक प्रत हिच्यासाठी टेबलावर ठेवली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ही शाळेत गणित शिकवते. सकाळी वह्या तपासायला बसली होती, त्यात माझे दोन कागद होते. तिने ते पुरते वाचले. लाल पेन हातात होतं, पण कागदाला लावलं नाही.

"छान झालाय," म्हणाली.

"खरंच?"

"दोन ठिकाणी हसू आलं मला. त्याचाच राग येतोय." मग वही पुढे ओढली. "तिला विचारलंत?"

"अगं, यात तिच्याबद्दल वाईट काहीही नाही."

"मागच्या वेळीही नव्हतं. तुम्हीच म्हणाला होतात, कौतुकाने लिहिलंय."

तिने एक गणित तपासलं, खूण केली, आणि मान वर न करता म्हणाली, "ती तुम्हाला तू म्हणायची. तुम्ही कधीपासून म्हणायला लागली, आठवतंय?"

"मोठी झाली तेव्हा."

"अहो, मुलं एका दिवसात मोठी होत नाहीत. एका रविवारपासून म्हणायला लागली. पुरवणी इथेच पडली होती, तुम्ही बसलाय तिथे. मला म्हणाली, आई, पोहे वाढलेत म्हणून सांग त्यांना. त्यांना. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. रोज शब्दांवर जगता."

मला कळलं नव्हतं. मी ते संस्कार समजलो होतो. दहा दिवसांपूर्वी याच वहीत तसं लिहूनही ठेवलं आहे.

कचेरीत पोहोचलो तेव्हा पान लागलेलं होतं. माझ्या मजकुरासोबत चित्रही काढून झालं होतं: गिटार घेतलेला टकल्या मी आणि हातोडी घेतलेली मुलगी. मुलगी गोड काढली होती. मी म्हणालो, मजकूर मागे घ्यायचा आहे. संपादक म्हणाले, "तुम्हाला झालंय काय? वर्षातला सर्वांत चांगला आहे हा."

"म्हणूनच."

"म्हणजे काय?"

"वाईट असता तर कुणी लक्षात ठेवला नसता."

पान लावणाऱ्याने माझ्या घराण्याचा जो उद्धार केला तो मी शांतपणे ऐकला. शब्दयोजना अचूक होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझ्या जागी गाद्यांची जाहिरात आली. स्तंभ कुठे गेला हे विचारायला एकाही वाचकाचा फोन आला नाही. दोघांचे आले, गादी कुठे मिळेल म्हणून.

१ मार्च, शनिवार

एकटाच दुकानात गेलो. मालक जेवायला गेले असतील अशी वेळ साधून. पेन्सिलवाल्या मुलीने न विचारता शंभर आवाजांचा डबा पुढे केला.

"तो नको. तो लहान. त्याला हेडफोन लावला की बाहेरचा आवाज पूर्ण बंद होतो ना?"

"पूर्ण. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही काय वाजतंय."

"दारात उभं असलेल्याला?"

"काका, दारात कोण उभं राहणार?"

तिने हेडफोन माझ्या कानांना लावले आणि स्वतः दोन-चार सूर वाजवून दाखवले. मग मी हेडफोन काढून तिला दिले आणि म्हणालो, आता तुम्ही लावा आणि वाजवा. ती वाजवत राहिली, मी हातभर अंतरावर कान देऊन उभा. तारांची कोरडी टिकटिक तेवढी ऐकू आली. चांगलं वाजवते की वाईट, काही म्हणजे काही कळलं नाही. माझ्यासारख्या माणसापासून संरक्षण म्हणून याहून चांगली वस्तू बाजारात नसेल. बांधून द्या म्हटलं.

घरी हिने खोक्याभोवती एक फेरी मारली. "एवढासाच?"

"पाच आवाज आहेत."

"पुष्कळ झाले. घरात आधीच दोन आहेत."

१४ मार्च, शुक्रवार

आली. केस कापलेत, रोडावली आहे. पाठपिशवी उजव्या खांद्यावर, मी घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या बाबा, जड नाहीये." हिने मात्र काही न बोलता काढून घेतली.

संध्याकाळी एक गोष्ट घडली. मुरंब्याची बरणी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "जरा उघडून देता?" सहा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. झाकण घट्ट नव्हतंच. मी उगाच जोर लावल्यासारखं केलं.

१५ मार्च, शनिवार

ॲम्प तिच्या खोलीत खिडकीखाली ठेवला होता. सकाळी तिने हाक मारली.

"बाबा, हे कुणाचं?"

"माझं. म्हणजे, शिकतोय."

"तुम्ही?" ती पलंगावर मांडी घालून बसली. "वाजवा बघू."

मी तीन कॉर्ड वाजवल्या. चौथी येत नाही, तरी ती धरायला बोटं सरकली. भिंगरी हसली. जुनं हसू, खांदे हलवून. "अंगठा मागे घ्या. मानेला गळफास लावल्यासारखं काय धरलंय?" मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "यावर लिहिणार आहात?"

"नाही."

"बरं."

तो 'बरं' मी न्यायालयात पुष्कळदा ऐकला आहे. साक्षीदाराचं म्हणणं नोंदवून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ.

मी गिटार बाजूला ठेवली. काय बोलायचं ते महिनाभर घोकलं होतं, त्यात दोन सुभाषितंही होती. ती बाजूलाच राहिली. म्हणालो, "सहा होते. चार नव्हे. आणि पाच आठवडे."

ती खिडकीबाहेर बघत होती. "खिसा उघडलात," म्हणाली.

"हो. तारा असतील म्हणून."

"काकू खरंच येऊन बसायच्या. तुम्ही कामावर असायचात तेव्हा."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तेव्हा." मग उठली. "चहा टाकते. घेणार ना?"

घेतला. साखर बरोबर होती.

१६ मार्च, रविवार

दुपारी तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी चष्मा शोधत जात होतो. चष्मा डोळ्यांवर होता हे नंतर कळलं. ती हेडफोन लावून, दाराकडे पाठ करून वाजवत होती. तारांची टिकटिक, मध्येच थांबणं, पुन्हा तिथूनच. ठरल्याप्रमाणे मला काहीही ऐकू आलं नाही.

पण दिसलं. डाव्या हाताची बोटं तारेपर्यंत पोहोचत होती, मनगट वळत नव्हतं. दर मिनिटाला ती हात खाली घेऊन झटकायची, उजव्या हाताने मनगट चोळायची. बाही वर गेली तेव्हा आतल्या बाजूला एक लांब, गुलाबी वण दिसला. टाके मोजता येतील इतका ताजा.

स्वयंपाकघरात गेलो. ही भांडी पुसत होती.

"तिच्या हाताला काय झालंय?"

हिने भांडं खाली ठेवलं. नाकारलं नाही. "पडली होती. डिसेंबरात. पुलाखाली परांची बांधतात त्यावरून. मनगट दोन जागी मोडलं. पट्टी बसवलीय आत. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेव, म्हणून वाजवतेय."

"डिसेंबरात तू घर लावायला गेली होतीस."

"रुग्णालयात होते मी आठ दिवस. तिच्या उशाशी."

"आणि मला—"

"तिने शपथ घातली होती."

"का? मी काय आलो नसतो?"

"आला असतात. तिलाही ते माहीत होतं." हिने फडकं दांडीवर टाकलं, सारखं केलं, पुन्हा काढलं. "भूल उतरत होती तेव्हा म्हणाली, बाबांना नको सांगूस आई, बाबा फार छान लिहितील."

१८ मार्च, मंगळवार

काल काही लिहिलं नाही. आजही लिहिण्याजोगं काही घडलेलं नाही. भिंगरी पाच दिवस आहे अजून. रोज दुपारी वाजवते, मी त्या वेळी कचेरीत थांबतो किंवा चालायला जातो. हाताबद्दल मी तिला विचारलेलं नाही. आपण होऊन सांगेल याची वाट बघणं बरोबर, की विचारणं बरोबर, हे ठरत नाही. तिच्या आईने सांगितलं, हे तिला कळलं असावं. माझ्याकडे दोनदा तसं बघितलं तिने.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, कारण ती कुणालाच सांगता येणार नाही. ही स्वयंपाकघरात बोलत होती, भिंगरी परांचीवरून पडल्याचं सांगत होती, आणि पहिल्या क्षणाला माझ्या मनात एक वाक्य जुळलं. लेक पडली, हे कळलं ते दुसऱ्या क्षणाला. वाक्य चांगलं होतं. ते इथे लिहीत नाही. म्हणजे तिने भूल उतरताना जे ओळखलं, ते बरोबर होतं. मी छापलं नसतं कदाचित. पण लिहिलं असतं.

तिने मला माफ केलं असेल असं वाटतं. अंगठा कसा धरायचा ते ती रोज सांगते, चहा करते, हसतेसुद्धा. त्याची काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. ती तेवीस तारखेला परत जाईल आणि पुन्हा पुलांखाली चढेल. उद्या पुन्हा काही झालं, हातापेक्षा मोठं काही झालं, तर फोन तिच्या आईला येईल. ही काहीतरी कारण सांगून पिशवी भरेल. आणि मी हिला स्टेशनवर सोडून येईन, नीट जा म्हणेन, आणि मला काहीही माहीत नसेल.